बिनमिरचीची कोंबडी

चंद्रप्रकाश सावंतांचे उरलेसुरले अकरा दात डॉक्टरांनी डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात दोन बैठकांत काढून टाकले. "हिरड्या भरून यायला दीड-दोन महिने लागतील. मग माप घेऊ आणि कवळी बसवू," असं डॉक्टर म्हणाले आणि त्यानंतर चार दिवसांत सावंत जे गप्प झाले, ते संक्रांत उलटली तरी बोलेनात.

हा माणूस गप्प होणं म्हणजे साधी गोष्ट नव्हती. एकतीस वर्षं ते बेस्टमध्ये कंडक्टर होते. डबलडेकरच्या खालच्या मजल्यावरून त्यांनी हाक दिली की वरच्या मजल्यावर शेवटच्या सीटला डुलक्या काढणारा माणूस खडबडून जागा व्हायचा. रिटायर झाल्यावर तो आवाज मुलुंड ईस्टच्या त्यांच्या सोसायटीच्या गेटजवळच्या कट्ट्यावर आला. रोज संध्याकाळी पाच ते सात. पाणी का आलं नाही, गावी यंदा काजू कसा आहे, कोणाच्या मुलाने नोकरी का सोडली, सगळ्या विषयांवर सावंत बोलत आणि बाकीचे चार म्हातारे ऐकत.

दात काढल्यावर चौथ्या दिवशी ते नेहमीसारखे खाली गेले. लिफ्ट दोन दिवस बंद होती. त्याबद्दल 'सोसायटीचा सेक्रेटरी झोपा काढतो' असं त्यांना म्हणायचं होतं. तोंडातून निघालं 'फोफायटीचा फेक्रेटरी'. सगळा कट्टा हसला. सगळ्यात मोठ्याने हसला गुणाजी परब, त्यांचा चाळीस वर्षांचा दोस्त. सावंतही कसनुसं हसले, पाच मिनिटं बसले आणि जिने चढून वर आले. त्या दिवसापासून खाली जाणं बंद. गुणाजीचा फोन वाजला की ते त्याच्याकडे नुसतं बघत बसायचे, उचलायचे नाहीत. घरात बोलायची वेळ आलीच तर तोंडासमोर रुमाल धरायचे.

दुसरी पंचाईत जेवणाची. सुलक्षणाबाईंच्या हातचं जेवण म्हणजे अस्सल मालवणी. दर रविवारी कोंबडी-वडे, आणि तो रस्सा असा की खाणाऱ्याच्या कपाळावर घाम आलाच पाहिजे. आता त्याच घरात सकाळी पेज, दुपारी मऊ भात, रात्री परत पेज. मधल्या वेळेला कुस्करलेलं केळं. सावंतांचं वजन चार किलो उतरलं, पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं. संक्रांतीला सुलक्षणाबाईंनी मुद्दाम मऊ गुळाची वडी केली, तर तीही त्यांनी अर्धा तास गालात धरून ठेवली आणि शेवटी गुपचूप हातावर काढली.

त्यानंतरच्या रविवारी बाईंना राहवलं नाही. त्यांनी रश्शातली कोंबडी मिक्सरमधून काढली, वाटीत घातली आणि नवऱ्यापुढे ठेवली. सावंतांनी मोठ्या आशेने पहिला चमचा तोंडात घातला. कच्च्या हिरड्यांवर ती मिरची अशी बसली की त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यांनी वाटी ढकलली.

"मी काय उफ्टावणाचं पोर आहे? वाटून भरवतेफ मला?" रुमालाआडून ते ओरडले आणि आतल्या खोलीत निघून गेले.

सुलक्षणाबाई ती वाटी घेऊन तशाच उभ्या राहिल्या. मग ओट्याकडे वळल्या.

हे सगळं ऋतिका बघत होती. ऋतिका त्यांची सून, माहेर बोरिवलीचं, लग्नाला दहा महिने झालेले. एका विमा कंपनीचं काम ती घरूनच करायची. लॅपटॉप डायनिंग टेबलावर, त्यामुळे सासऱ्यांच्या जेवणाचे हाल दिवसातून तीनदा तिच्या डोळ्यांसमोरच चालायचे. स्वयंपाकघरात तिचा फारसा वावर नव्हता. लाटणं हातात घेतलं की सासूबाई म्हणायच्या, "राहू दे गं, तुझी मीटिंग असेल." म्हणायच्या प्रेमानेच, पण लाटणं काढून घ्यायच्या.

त्या आठवड्यात एकदा पेजेचं भांडं रिकामं न होताच परत आलं, तेव्हा ऋतिकाने लॅपटॉप मिटला.

"आई, बाबांसाठी लझानिया करूया का?"

"लसणीचं काय?"

"लसणीचं नाही हो, लझानिया. अंधेरीला ऑफिसच्या पार्टीत खाल्ला होता मी. मैद्याच्या मऊ पट्ट्या असतात, त्यांचे थर. मधे कोंबडी, पांढरा सॉस, चीज. चावायलाच लागत नाही. जिभेने दाबलं तरी विरघळतो. आणि मिरची अजिबात नसते."

"बिनमिरचीची कोंबडी?" सुलक्षणाबाईंचा चेहरा पडला. "ती आजाऱ्याने खायची."

"मग आपल्या घरात कोण आहे?"

बाईंनी आतल्या खोलीकडे पाहिलं. खाटेवर सावंत भिंतीकडे तोंड करून पडले होते. पण पाठीवरून कळत होतं की कान इकडेच आहेत.

"रविवारी कर," बाई म्हणाल्या. "मला काय काय आणायचं ते सांग. कोंबडी मात्र मी आणणार. तुला ते लोक काहीही देतील."

*

रविवारी सकाळीच पहिली अडचण आली. लोणी, दूध, क्रीम, चीज सगळं आलं, फक्त लझानियाच्या तयार पट्ट्या कुठे मिळेनात. नितेश, म्हणजे सावंतांचा मुलगा, एरवी ट्रॉम्बेच्या अणुकेंद्रात काम करणारा, शिस्तीचा माणूस. तो स्कूटर घेऊन चार दुकानं फिरला आणि मॅकरोनीची दोन पाकिटं घेऊन आला.

"हे चालेल ना?"

"अरे, याचे थर कसे लावणार?" ऋतिका खुर्चीत बसलीच. "वाट लागली."

"ती पट्टी असते कशाची?" सुलक्षणाबाईंनी कांदा चिरता चिरता विचारलं.

"मैदा, अंडं, मीठ. मळायचं, एकदम पातळ लाटायचं, कापायचं आणि पाण्यात उकळायचं."

"एवढंच?" बाईंनी सुरी ठेवली. "अगं, मग ही करंजीची पारीच की. मैदा काढ."

आणि त्यांनी पदर खोचला. मैद्यात आळं करून दोन अंडी फोडली, चिमूटभर मीठ, चमचाभर तेल, आणि घट्ट गोळा मळून ओल्या फडक्याखाली ठेवला. अर्ध्या तासाने लाटायला बसल्या तेव्हा ऋतिका फोनवरचा फोटो आणि पोळपाट असं आळीपाळीने बघत राहिली. पोळी इतकी पातळ होत होती की खालचं लाकूड दिसावं. बाईंनी सुरीने कडा कापून चौकोन काढले.

"ही एक तू लाट," त्या अचानक म्हणाल्या आणि लाटणं पुढे केलं.

"माझी वेडीवाकडी होईल."

"थरात जाणार आहे ना? वरचा थर मी लाटते. खालचं कोण बघतंय?"

ऋतिकाने लाटली. वेडीवाकडी झालीच. पण बाईंनी काही न म्हणता कडा कापल्या आणि ती बाकीच्यांत ठेवली. मग दुसरी दिली, तिसरी दिली. मीटिंगचं नाव कोणी काढलं नाही.

कोंबडी एका बाजूला मिरी आणि तमालपत्र घालून शिजत होती. नितेशला बसवलं होतं ती गार झाली की तंतू तंतू काढायला. "अजून बारीक," बाई मधूनमधून सांगत होत्या. "बाबांच्या हिरडीला टोचता कामा नये."

मग पांढरा सॉस. हा ऋतिकाचा प्रांत होता. तिने मोठ्या कढईत लोणी वितळवलं, त्यात किसलेली लसूण आणि मग मैदा घालून परतला आणि पूर्ण लिटरभर दूध एकदम ओतलं. क्षणात कढईत गुठळ्याच गुठळ्या झाल्या. ती चमच्याने एक फोडत होती तोवर चार नव्या तयार.

"आई! हे बघा काय झालं."

"गॅस बारीक कर आधी."

"केला. तरी होताहेत."

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारात सावंत उभे दिसले. लोण्यात परतलेल्या लसणीचा वास खाटेपर्यंत गेला होता. तीन आठवड्यांत ते पहिल्यांदाच जेवणाची वेळ नसताना इकडे आले होते. त्यांनी कढईत वाकून पाहिलं, मान हलवली आणि काही न बोलता वरच्या फळीवरून ताकाची मोठी लाकडी रवी काढली. ऋतिकाला हाताने बाजूला केलं. दोन्ही तळव्यांत रवीची दांडी धरून ते घुसळायला लागले. गावच्या जत्रेत महाप्रसादाची खीर दर वर्षी त्यांच्याच हातची असायची. दोनशे माणसांच्या खिरीत ज्याने कधी गुठळी होऊ दिली नाही, त्याला लिटरभर दुधाचं काय? पाच मिनिटांत सॉस रेशमासारखा झाला. रवी उचलली की धार पडत होती.

"झकास बाबा!" नितेश म्हणाला.

सावंतांनी भुवया उडवल्या. पण रवी सोडली नाही.

सुलक्षणाबाईंनी सॉस बोटावर घेऊन चाखला आणि ओठ मुडपले. "कच्चट लागतोय. दुधाचा वास येतोय." त्यांचा हात सवयीने मसाल्याच्या बरणीकडे गेला. सावंतांनी मधेच त्यांचं मनगट धरलं.

"अहो, अर्धा चमचा. रंगापुरता."

सावंतांनी डोळे मोठे केले.

"बरं बाई, नाही घालत." बरणी जागेवर गेली. मग डब्यातून जायफळ काढून बाईंनी ते कढईवर किसलं. पाच-सहा वेळा, पुरणात किसतात तसं. ऋतिका घाबरली. हे कुठल्या भलत्याच चवीवर जाणार म्हणून तिने फोन पाहिला, आणि तिसऱ्या ओळीत तेच लिहिलेलं होतं.

"आई, यात जायफळच घालायचं असतं. तुम्हाला कसं कळलं?"

"दुधाला दुसरं काय घालणार?" बाई म्हणाल्या.

*

थर लावायला चौघंही ओट्याभोवती जमले. ऋतिकाने तिची काचेची डिश पुढे ठेवली. ती पाहून सुलक्षणाबाई हसल्या.

"यात काय होणार? चार माणसं आहोत. असली वाटी नको, थांब." त्यांनी कपाटावरून स्टीलचा मोठा चौकोनी ट्रे काढला, कोथिंबीर वडी थापायचा. ऋतिका काही बोलणार होती, पण आज सगळं इतकं छान चाललं होतं की ती गप्प बसली. तळाला सॉस, त्यावर उकडलेली पट्टी, त्यावर कोंबडी, परत सॉस, चीज, परत पट्टी. पाच थर झाले. वरची पट्टी सुलक्षणाबाईंची, एकदम गुळगुळीत, आणि तिच्यावर चीजचा जाड थर.

ओव्हनची सोय ऋतिकाने आधीच करून ठेवली होती. घरातला मायक्रोवेव्ह फक्त गरम करायच्या कामाचा, पण चौथ्या मजल्यावरच्या स्वरदाकडे केक करायचा ओव्हन होता आणि ती हो म्हणाली होती. नितेश ट्रे धरून एक जिना चढला आणि पाच मिनिटांत तसाच उतरून आला.

"जात नाही."

"काय जात नाही?"

"ट्रे. चार बोटं मोठा आहे. आडवा, उभा, तिरका, सगळं करून बघितलं."

कोणी कोणाकडे बघेना. थर लावलेला लझानिया आता दुसऱ्या भांड्यात काढणं म्हणजे त्याचा उपमा करणं. साडेबारा वाजले होते. ट्रे सुलक्षणाबाईंनी काढला होता आणि ते त्यांना चांगलं आठवत होतं.

"आता काय करूचा?" त्या पुटपुटल्या. घाबरल्या की बाईंना मालवणी सुटायची. ऋतिकाने 'मी सांगणारच होते' हे वाक्य गिळलं. बाईंच्या ते लक्षात आलं असावं, कारण त्यांनी सुनेच्या पाठीवर हात ठेवला आणि मग एकदम म्हणाल्या, "बेकरी! अहो, अन्सारींची बेकरी! नितेश लहान होता तेव्हा दिवाळीला नानकटाई भाजून आणायचो की नाही आपण? भट्टीत हा ट्रे काय, पलंग जाईल."

"मी स्कूटरवर नेतो," नितेश म्हणाला.

"आणि दोन्ही हातांनी ट्रे धरून स्कूटर कोण चालवणार? आणि अन्सारी तुला ओळखतात का? ते यांना ओळखतात."

सगळ्यांनी सावंतांकडे पाहिलं. पहाटेच्या पहिल्या बसच्या ड्युटीला जाताना वीस वर्षं ते त्या बेकरीतून गरम पाव घेऊन गेले होते. सावंतांनी तोंडासमोर बोट धरलं आणि जोरजोरात मान हलवली.

"राहू दे, बाबांना नको," ऋतिका म्हणाली. "मीच जाते रिक्षाने. सांगते त्यांना तुमचं नाव."

ती चप्पल घालायला लागली. दोन्ही हातांत जड ट्रे, त्यामुळे खाली बघता येईना. एक पाय चपलेत, दुसरा शोधात, आणि ट्रे एका बाजूला कलायला लागला. वरचं चीज सरकलं. सावंत पुढे झाले, ट्रे तिच्या हातातून घेतला आणि खुंटीवरच्या शर्टाकडे बघून बायकोला खूण केली. सुलक्षणाबाईंनी त्यांना लहान मुलासारखा एकेक हात बाहीत घालून शर्ट चढवला. ट्रे तेवढा वेळ या हातातून त्या हातात फिरला.

खिशात रुमाल होता. पण तो काढायला हात मोकळा नव्हता.

*

रिक्षात सावंत मांडीवर ट्रे घेऊन ताठ बसले होते. ऋतिका शेजारी, दुसऱ्या बाजूने धरून. पहिल्याच गतिरोधकावर रिक्षा अशी उडाली की ट्रे मांडीवरून वीतभर वर गेला.

"फावकाफ रे!" सावंत ओरडले.

तीन आठवड्यांचा साठलेला आवाज होता तो. रिक्षावाला दचकला. "हो काका, सॉरी काका," म्हणाला आणि पुढचा सगळा रस्ता त्याने रिक्षा बैलगाडीसारखी नेली. सावंतांनी सुनेकडे तिरक्या नजरेने पाहिलं. ती हसत नव्हती. ट्रेची कड घट्ट धरून समोरच्या रस्त्यावरचे खड्डे मोजत होती.

"उजवीकडे घे," सावंत थोड्या वेळाने म्हणाले. हे बरोबर निघालं. त्यात 'स' नव्हता.

बेकरीच्या काउंटरवर अन्सारीभाई स्वतः होते. दाढी पांढरी झालेली, पण माणूस तोच. "अरे, सावंतसाब! कितने साल बाद! ये क्या लाये? इतना बडा केक?"

सावंतांनी ऋतिकाकडे पाहिलं. ती बोलणार होती, पण मग तिने मुद्दाम मोबाइलमध्ये डोकं घातलं. दोन्ही हात ट्रेला. सावंतांना तोंड उघडावंच लागलं.

"केक नही. कोंबडी है अंदर. दूध की. मैदे का थर है. ऊपर से लाल होना मंगता, बफ."

"दांत निकाले?" अन्सारीभाईंनी सरळ विचारलं.

"फब."

"अच्छा किया. दुखते दांत से बिना दांत भला. लाओ इधर."

झालं, एवढंच. विषय संपला. अन्सारीभाई ट्रे घेऊन आत गेले, पावाचा घाणा नुकताच बाहेर काढला होता, भट्टी अजून रसरसत होती. लांब दांड्याच्या फळीवर ट्रे ठेवून त्यांनी तो आत सारला. "पंधरा मिनट," बोटं दाखवून म्हणाले, आणि चहा मागवला.

सावंत बाकावर बसून चहात ताजा पाव बुडवत होते, तेवढ्यात खारी घ्यायला म्हणून जो माणूस आला तो गुणाजी परब. दोघांनी एकमेकांना एकाच वेळी पाहिलं. सावंतांचा हात खिशाकडे गेला, पण हातात भिजलेला पाव होता.

"मेल्या!" गुणाजी दारातूनच ओरडला. "फोन कित्याक उचलूक नाय? माका वाटला गावाक गेलंस!"

सावंत पाव चघळत राहिले.

"अरे बोल ना काहीतरी."

"हफायला बोलू?" सावंत म्हणाले.

गुणाजीचा चेहरा बदलला. तो शेजारी बाकावर बसला. खारीची पिशवी मांडीवर ठेवली. कानातलं मशीन काढलं, पुसलं, परत घातलं. हे तो गडबडला की करायचा.

"हसलो ता चुकला माझा," शेवटी तो म्हणाला. "पण खरा सांगू काय तुका? तुझे दात होते तेव्हाही माका तुझा अर्धाच ऐकाक यायचा. हा मशीन कट्ट्यावर गाड्यांच्या आवाजात काय कामाचा नाय. मी नुसतीच मान हलवायचंय. त्या दिवशी पहिल्यांदा सगळा नीट ऐकाक इला, नि ता निघाला फेक्रेटरी."

सावंतांनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. मग त्यांचं पोट हलायला लागलं, मग खांदे, आणि मग ते बिनदातांचं तोंड पूर्ण उघडून हसले. अन्सारीभाई आतून बघायला आले. गुणाजी हसत होता, ऋतिकाही हसत होती. आता मोबाइलमागे लपण्यात अर्थ नव्हता.

"वीस दिवस कट्टा बंद आहे रे," गुणाजी डोळे पुसत म्हणाला. "बसतो सगळे, पण विषयच निघत नाय. परवा अर्धा तास नुसते समोरच्या कुत्र्याकडे बघत होतो."

तेवढ्यात ऋतिकाला वास आला. "चाचा! जळतंय!"

भट्टी म्हणजे काही आकडे लावलेला ओव्हन नव्हे. अन्सारीभाई धावले, फळी आत घालून ट्रे ओढला. वरचं चीज सोनेरी, फुगे फुटताहेत, कडेने पांढरा सॉस उकळतोय, आणि निखाऱ्यांकडच्या बाजूचा एक पूर्ण कोपरा काळाठिक्कर. सकाळपासूनची मेहनत ऋतिकाच्या डोळ्यांसमोर होती.

सावंतांनी वाकून तो कोपरा पाहिला. मग सुनेला म्हणाले, "एवढाच ना? बाकी बघ कफा दिफतोय. अगदी फोन्यासारखा." आणि गुणाजीकडे वळून, "तू पण चल. जेवायला."

*

परतताना रिक्षात तिघं आणि ट्रे. घरी पोचेपर्यंत दीड वाजला होता. सुलक्षणाबाई गॅलरीत उभ्या होत्या. नवऱ्याचा आवाज त्यांना तिसऱ्या मजल्यावर आधी ऐकू आला आणि माणूस नंतर दिसला. गुणाजीला ते अन्सारीभाईंच्या भट्टीबद्दल काहीतरी तावातावाने सांगत होते, आणि एकही 'स' जागेवर नव्हता.

जळका कोपरा नितेशने मागून घेतला. "मला हाच आवडतो, कुरकुरीत," तो म्हणाला, आणि खरंच तोच खाल्ला. बाईंनी मधला, सगळ्यात मऊ चौकोन कापून सावंतांच्या ताटात ठेवला. चमचा लावताच थर एकावर एक सरकले. आतून वाफ आली, जायफळाचा आणि लोण्याचा वास आला. सावंतांनी फुंकर घालून पहिला घास घेतला. जीभ टाळूला लावून दाबला.

चौघंही त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

सावंतांनी डोळे मिटले. कोंबडीचा तंतू कुठेही टोचला नाही. पट्टी मऊ होती, पण गिळगिळीत नव्हती. हिरड्यांवर काही झोंबलं नाही. तीन आठवड्यांनी त्यांच्या तोंडात असं काहीतरी होतं ज्याला चव होती आणि जे इतर सगळे जणही खात होते. वाटून भरवलेलं नव्हतं, वेगळ्या वाटीतलं नव्हतं. त्यांनी दुसरा घास घेतला, तिसरा घेतला. मग ताट पुढे केलं.

"अजून?" बाईंनी विचारलं.

"वाढ."

तीन तुकडे झाले. गुणाजीने दोन खाल्ले आणि विचारलं, "ह्येका म्हणतत काय?" ऋतिकाने सांगितलं. त्याला ते लसणीचं काहीतरी वाटलं आणि कोणी दुरुस्त केलं नाही.

"कसा झालाय?" ऋतिकाने शेवटी सासूबाईंना विचारलं. त्या मघापासून नुसत्या खात होत्या.

"बरा आहे." बाईंनी चमचा चाटला. "थोडी मिरची असती तर—" त्यांनी नवऱ्याच्या ताटाकडे पाहिलं. ते पुसल्यासारखं लख्ख होतं. "नको. असाच बरा आहे."

जेवणं झाल्यावर सावंत आणि गुणाजी गॅलरीत जाऊन बसले. अवघ्या पाच मिनिटांत तिथून यंदाच्या काजूचा विषय सुरू झाला. गुणाजी अर्धं ऐकत होता आणि पूर्ण मान हलवत होता.

आत दोघी सासू-सुना ओट्याशी उभ्या होत्या. ऋतिका ट्रेला चिकटलेलं चीज उलथण्याने खरवडत होती, सुलक्षणाबाई रवी धूत होत्या.

"ऋतिका," बाई म्हणाल्या, "हे माशाचं होतं का गं? सुरमईचं वगैरे?"

"होतं असेल. बघायला लागेल. काटे मात्र नीट काढायला हवेत."

"काटे मी काढते. त्याचं तू सांगू नको मला."

"आणि पट्ट्या?"

"त्या तू लाट," बाई म्हणाल्या. "आज शेवटची बरी आली होती."

ऋतिकाने हात पुसले आणि फोन घेतला. तेवढ्यात गॅलरीतून काजू मधेच सोडून सावंतांचा आवाज आला, तिसऱ्या मजल्यावरून खालच्या गेटपर्यंत सहज पोचेल असा.

"फुरमई नको! कोळंबी घाल, कोळंबी!"